सहावा गठ्ठा

सरकारी कचेरीत कागद लावून ठेवण्याची एक जुनी रीत आहे, सहा गठ्ठा पद्धत. चालू प्रकरणांचा पहिला गठ्ठा, कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत थांबलेल्यांचा दुसरा, ठरावीक मुदतीने पाठवायच्या विवरणपत्रांचा तिसरा, स्थायी आदेशांचा चौथा, अभिलेख कक्षात धाडायच्या कागदांचा पाचवा. सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. जोडीला कागदाच्या आयुष्याचीही प्रतवारी असते. 'अ' वर्गाचा कागद कायमचा, 'ब' वर्गाचा ३० वर्षांचा, 'क' १० वर्षांचा, 'क-१' ५ वर्षांचा आणि 'ड' म्हणजे वर्षभराचा पाहुणा. पहिल्या पाच गठ्ठ्यांवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. इतिहास, चरित्रे, कोश सगळे त्यांतूनच निघते. हा लहानसा शब्दसंग्रह सहाव्या गठ्ठ्याच्या बाजूचा आहे. नोंद न होणे, झालेली नोंद जाणे, लावलेले विस्कटणे यांसाठी यवतमाळ जिल्ह्यातली माणसे आणि कचेऱ्या जे शब्द वापरतात, ते यात गोळा केले आहेत.

शाळेत विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या पाठ करून घेतात. आवक-जावक, जमा-खर्च, नफा-तोटा. 'नोंद' या शब्दासमोर काय लिहायचे ते मात्र कोणी सांगत नाही. नोंदवण्यासाठी मराठीत शब्दांचा सुकाळ आहे: कीर्द, खतावणी, रोजमेळ, तेरीज, ताळेबंद, बारनिशी, फेरफार, हजेरीपट. त्यातले कितीतरी फारसी दफ्तरांतून आले आणि मोडीत रुळले. उलट बाजूला असा एक शब्द सापडत नाही, आणि त्याचे कारण भाषेची गरिबी नव्हे. कागदावर लिहिणारा हात बहुधा एकाच प्रकारचा असतो. पुसणारे हात निरनिराळे असतात. कोणी खोडतो, कोणी दाबतो, कोणी दडवतो, कोणी जाळतो, कोणी माफ करतो. म्हणून शब्दही निराळे. हा संग्रह वाचताना प्रत्येक शब्दापाशी 'हे कोणी केले?' असा प्रश्न विचारावा, एवढीच माझी विनंती आहे.

यवतमाळच का? एक तर जिल्ह्याचे नावच एक फेरफार आहे. १८६४ मध्ये हा मुलूख वेगळा काढला, त्यानंतर अनेक वर्षे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये वऱ्हाडची फेररचना झाली आणि यवतमाळ हे नाव आले. वणी आता तालुका आहे. दुसरे म्हणजे या भागावरून किती दफ्तरे गेली ते पाहा. निजामाचा वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला, त्याची मोजणी मुंबईच्या रयतवारी पद्धतीने झाली, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. प्रत्येक राजवटीने आपले शब्द ठेवले. पश्चिम महाराष्ट्रातल्या तलाठ्याला इथे अजून पटवारी म्हणतात. सरकारी कागदावर त्याचे आता 'ग्राम महसूल अधिकारी' झाले आहे, पण "पटवाऱ्याकडे जाऊन येतो" यात काही बदल नाही. जुना शब्द काढून टाकण्याचा आदेश निघतो, तो शब्द निघत नाही, याचे हे सोपे उदाहरण.

आता कागदाकडे. सातबाऱ्यावर नाव 'चढते', बोजा 'चढतो' आणि मग तो 'उतरतो'. नाव कमी होते तेव्हा काय होते? हस्तलिखित सातबाऱ्यावर पटवारी त्या नावाला कंस करी आणि शेजारी फेरफार क्रमांक टाकी. मेलेला बाप, विकून गेलेला भाऊ, फिटलेले कर्ज, सगळे कंसात राही आणि वाचता येई. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हा कंसाऐवजी त्या नोंदीवर आडवी रेष आली. संगणकाला रेष सोयीची आहे, दिसायलाही स्वच्छ आहे. तरी बोलण्यातला कंस गेलेला नाही. वाटणीत वगळलेल्या माणसाबद्दल "त्याला कंसात टाकलं" असे म्हणतात, तेव्हा त्यात एक हिशेब असतो: कंसातला माणूस घरातच असतो, फक्त त्याला मोजत नाहीत. रेष मारलेल्या माणसाबद्दल अजून तसा वाक्प्रचार झालेला नाही. एवढी ताकद यायला रेषेला वेळ लागेल.

या संग्रहातला सर्वांत जड शब्द 'कोरा'. वऱ्हाडातल्या प्रत्येक निवडणुकीत 'सातबारा कोरा' ही मागणी ऐकू येते. इथे कोरा म्हणजे इतर हक्काच्या रकान्यातला बँकेचा बोजा पुसलेला, शेतकऱ्याला हवा असलेला कोरेपणा. त्याच शेतकऱ्याच्या आयुष्यात दुसरा एक कोरा असतो: सावकारापुढे कोऱ्या मुद्रांकावर उमटवलेला अंगठा. तिथे आधी सही होते, मजकूर नंतर येतो. गहाण म्हणून तोंडी ठरते आणि कागदावर खरेदीखत होते. परवाना नसलेल्या सावकाराने अशी बळकावलेली जमीन परत मिळवता यावी म्हणून महाराष्ट्राने २०१४ मध्ये सावकारी नियमनाचा नवा कायदा आणला. त्याखाली चौकशी करून खरेदीखत रद्दही होऊ शकते. पण चौकशीत सिद्ध काय करायचे असते? जे लिहिलेच नव्हते ते. एकाच शब्दाला दोन टोकांनी धरून ओढणारे दोन पक्ष इतक्या स्पष्टपणे मला दुसऱ्या कुठल्या शब्दात दिसले नाहीत, म्हणून 'कोरा' या नोंदीला पाने जास्त गेली आहेत.

त्याच्या शेजारचा शब्द 'निर्लेखन'. बँकेच्या मराठीत बुडीत कर्ज वहीतून काढून टाकण्याला हा शब्द आहे, आणि तो फार नेमका आहे: लिहिलेले न-लिहिलेले करणे. बँकेने कर्ज निर्लेखित केले म्हणजे माफ केले असे नाही. ताळेबंदातून ते जाते, वसुली चालू राहू शकते. शेतकऱ्यासाठी जे होते त्याचे नाव कर्जमाफी. एकाच्या वाट्याला लेखा-शाखेतला कोरडा संस्कृत शब्द, दुसऱ्याच्या वाट्याला 'माफी', म्हणजे आधी गुन्हा मानायचा. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत पूर्ण माफी २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला होती. कोरडवाहू यवतमाळात ज्याच्याकडे ७-८ एकर पऱ्हाटी (कपाशी) आहे तो कागदावर मोठा ठरला, आणि त्याची गणना वेगळ्या रकान्यात गेली.

रकान्यांचा विषय निघालाच आहे तर मक्त्याबद्दल सांगायला हवे. या जिल्ह्यात दुसऱ्याचे शेत मक्त्याने किंवा बटईने करणारे पुष्कळ आहेत. व्यवहार तोंडी. विदर्भासाठी कूळवहिवाटीचा स्वतंत्र कायदा १९५८ मध्ये झाला, तेव्हापासून कूळ लागण्याची धास्ती मालकाच्या मनात बसली आहे, म्हणून तो लिहून देत नाही. मक्तेदाराला पीककर्ज नको असते असे नव्हे, पण लिखाणाचा आग्रह धरला तर पुढच्या वर्षी शेतच मिळत नाही. मग बियाणे उधारीवर, खत उधारीवर, पैसा परवाना नसलेल्या सावकाराचा. बियाण्यातही 'चोरबीटी' निघाली आहे: तणनाशक सोसणारे पण मान्यता नसलेले कपाशीचे वाण, जे पक्क्या पावतीशिवाय विकले जाते. उगवले नाही तर तक्रार कशाच्या आधारावर करायची? वर्षाच्या शेवटी कापूस 'खेडा खरेदी'त, व्यापाऱ्याच्या गाडीत, गावातल्या गावात. पेरणीपासून विक्रीपर्यंत एका माणसाचे अख्खे साल कुठेही न लिहिता पार पडू शकते.

आणि त्या माणसाने जीव दिला तर मात्र लिहिणे सुरू होते. २००६ पासून अशा कुटुंबाला १ लाख रुपयांच्या मदतीचा नियम आहे. प्रकरण जिल्हा समितीपुढे जाते आणि तक्त्यात तीन रकाने असतात: पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. पात्र ठरायला कुटुंबाच्या नावे जमीन हवी आणि कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. मक्त्याने शेत करणारा, ज्याच्या कर्जाला कागद नाही, तो कुठल्या रकान्यात जाणार हे सांगायला नको. 'अपात्र' हा शब्द मी संग्रहात घेतला तेव्हा एका मित्राने हरकत घेतली की ही तर नोंदच आहे, नोंदीचा अभाव कुठे? मृत्यूची नोंद झाली, हे खरे. शेतकऱ्याच्या मृत्यूची झाली नाही. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या वाचून शहरी वाचकाला वाटते की आकडा चुकीचा असावा. आकडा बहुधा बरोबर असतो. रकाना कोणी आखला ते पाहायचे राहते.

'राहते' हे क्रियापद इथे मुद्दाम आले. कचेरीच्या भाषेत कागद 'गहाळ होतो', नाव 'सुटते', नोंद 'राहून जाते'. सगळी क्रियापदे अकर्मक. कोणी काही करत नाही, आपोआप होते. उलट लोक म्हणतात फाईल 'दाबली', नाव 'उडवलं', कागद 'फिरवला', म्हणजे करणारा आहे. एकाच घटनेची ही दोन व्याकरणे. तिसरे घरातले: चावी, पैसे, पोराचा दाखला यांबद्दल वऱ्हाडी माणूस 'हरपलं' किंवा 'सांडलं' म्हणतो, त्यात कोणाला दोष नसतो, थोडी हळहळ असते. कचेरीने 'गहाळ' ऐवजी 'हरपलं' म्हटले तर निदान माणूस बोलतोय असे वाटेल, पण तसे लेखी कोण देईल?

'दप्तरी दाखल' हा शेरा ज्यांच्या अर्जावर पडला आहे त्यांना त्याचा अर्थ समजावण्याची गरज नाही. 'निरंक' बद्दल एक शब्द: कागदावर त्याचा अर्थ शून्य. व्यवहारात मोजून काही निघाले नाही तरी निरंक आणि मोजलेच नाही तरी निरंक. विवरणपत्र दोन्हीकडे सारखेच पूर्ण होते.

इथवर वाचून नोंद न होणे म्हणजे अन्यायच, असे वाटू लागेल. तसे नाही, आणि त्याचा मोठा पुरावा याच मातीत आहे. महानुभाव पंथाचे वाङ्मय लिहिले गेले शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या आसपास, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हाइंभटाने पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी माणसामाणसांना विचारून 'लीळाचरित्रा'त जमवल्या. कोणाला वेगळे आठवत असेल तर तेही 'शोधु', 'वासना' अशा खुणांनी पुढे जोडले. इतकी काटेकोर नोंद त्या काळच्या मराठी गद्यात दुसरी नाही. पंथाची परंपरा सांगते की देवगिरीवरच्या धाडींच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हातची गेली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा लिहावी लागली. म्हणून आज आपल्यापुढे एक पाठ नाही, अनेक आहेत.

यानंतर पंथाने जे केले ते फार विलक्षण आहे. त्यांनी लिहिणे थांबवले नाही; वाचणे अवघड करून टाकले. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्या आल्या. सकळ लिपीत अक्षरांची अदलाबदल असते, एकाच्या जागी दुसरे. किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला पोथी वाचता येते, बाकीच्यांना ती अर्थहीन अक्षरांची माळ दिसते. पुढची कित्येक शतके मठांमध्ये पोथ्यांची नक्कल होत राहिली, नीट बांधून, नीट जपून, आणि बाहेरच्या मराठी जगाला आपल्या आद्य गद्याचा पत्ता नव्हता. याला नोंद म्हणायचे की नोंदीचा विरुद्धार्थ? संग्रहात 'सकळी' हा शब्द मी 'दडवणे' या गटात ठेवला आहे, पण मनात शंका ठेवूनच. सावकाराने दडवलेला करार आणि पंथाने दडवलेली पोथी एका गटात कशी बसतील? एकाने दुबळ्याला फसवायला दडवले, दुसऱ्याने दुबळेपणी जपायला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि ते कपाट उघडले. त्यातले सामान बाहेर काढून लावण्याचे काम ज्यांनी केले त्यांत यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे अग्रभागी होते. त्यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५ मध्ये यवतमाळच्या शारदाश्रमातून निघाला. पुण्या-मुंबईपासून इतक्या दूर, कापसाच्या गाठींसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात, एका संस्थेने पोथ्या जमवल्या, त्यांची वर्णने लिहिली आणि छापली. यवतमाळच्या साहित्यपरंपरेचा विषय निघाला की लोक १९७३ चे ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखालचे साहित्य संमेलन सांगतात किंवा २०१९ चे. शारदाश्रमाचे नाव त्यानंतर येते, आले तर.

२०१९ च्या संमेलनाचा उल्लेख आला म्हणून 'निमंत्रण मागे घेणे' हा शब्दप्रयोग इथेच संपवतो. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना बोलावले होते. ते निमंत्रण रद्द झाले. न झालेले ते भाषण मग वर्तमानपत्रांतून आणि सभांतून इतके वाचले गेले की झाले असते तर इतके पोचले नसते. उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या एका महिलेच्या हस्ते झाले. ती जे बोलली ते इतिवृत्तात आले की नाही माहीत नाही, लोकांच्या लक्षात आहे.

पुसण्याची चांगली बाजू आणखी दोन ठिकाणी दिसते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कुणब्यांनी सावकारांकडचे रोखे मागून घेतले आणि जाळले. तसे पुढे गावोगाव झाले. सरकारने त्यावर चौकशी आयोग नेमला आणि १८७९ च्या कायद्याने रोख्यांची नोंदणी गावपातळीवर सक्तीची केली. जाळण्यातून आणखी लिहिणे निघाले, ही त्या दंग्यांची गंमत. दुसरे ठिकाण 'विमुक्त'. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींची नावे पोलिसांच्या वहीत चढवली. मूलही जन्मापासून संशयित ठरे. ३१ ऑगस्ट १९५२ ला ती वही कायद्याने रद्द झाली. पारधी, बंजारा आणि इतर अनेकांच्या वाट्याला आलेला हा शब्द म्हणजे नाव खोडले जाण्याचा उत्सव आहे. ३१ ऑगस्ट आजही पाळला जातो. पुसदजवळच्या गहुली तांड्यावर १९१३ मध्ये बंजारा कुटुंबात जन्मलेले वसंतराव नाईक पुढे १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. पारध्यांसाठी मात्र ती खोड पूर्ण झालेली नाही. १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि ठाण्यात दुसरी वही उघडली गेली. चोरी झाली की आधी कोणाच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, गाडी जाते, हे जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक असते.

घरगुती शब्द मी कमी घेतले. पसारा, विस्कोट, गचाळपणा, उलथापालथ यांना जिल्हा नसतो. ते कुठल्याही मराठी घरात सारखेच ऐकू येतात आणि बहुधा मुलांना उद्देशून. 'आवरणे' या क्रियापदाचे काय करावे हा प्रश्न पडला होता, कारण घर आवरणे म्हणजे मांडणे, आणि दुकान आवरणे म्हणजे मोडणे. ते शेवटी दोन्हीकडे ठेवले.

मांडणीबद्दल. विषयवार गट करून आत अकारविल्हे शब्द लावले आहेत. विस्कटण्याच्या शब्दांना शिस्तीत बसवणे विनोदी आहे हे मान्य, पण वाचकाला शब्द सापडायला हवा. प्रत्येक शब्दापुढे तो कोण म्हणतो ते लिहिले आहे: कचेरी, दुकान, शेत, घर. माणसाचे नाव कुठेही नाही. ज्यांनी सावकारीबद्दल किंवा मक्त्याबद्दल सांगितले, त्यांनी ते कागदावर नसल्याच्या भरवशावरच सांगितले होते.

कोलामी शब्द यात नाहीत. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागात कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. कित्येक पोड स्वतंत्र महसुली गाव म्हणून गणलेच जात नाहीत, तेव्हा या विषयावर त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त शब्द असणार. कोलामी ही द्राविड कुळातली भाषा, तिला स्वतःची लिपी नाही. तिच्यावरचा इमेनो यांचा ग्रंथ १९५५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाने छापला. आपल्या बाजूने त्या तोडीचे काम थोडे आहे. देवनागरीत कानाने टिपलेले चार शब्द शेवटी जोडून संग्रह पुरा झाल्याचा आव आणता आला असता. ते काम कोलामी बोलणाऱ्यांनी करावे, आणि आपले शब्द वहीत चढवायचे की नाही हेही त्यांनीच ठरवावे. त्यांनी चढवायचे ठरवले तर पुढच्या आवृत्तीत पाने वाढवता येतील. छापखान्याला तशी कल्पना देऊन ठेवली आहे.